मशीनपुढचं गाऱ्हाणं

साहेब माझं गाऱ्हाणं मोठ्याने वाचत होते. त्यांना मालवणी नीट वाचता येत नव्हती, अडखळत होते, आणि त्यालाच सगळे हसत होते.

"बा म्हाराजा, माझ्या पोटात दोनदा रवलां, दोनदा गेलां."

खिडकीजवळच्या टेबलावरून कुणकेश्वरचा एकजण म्हणाला, "व्हय म्हाराजा."

देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्यामागे गाव असंच म्हणतो. त्याला ते माहीत होतं, म्हणून तर सुचलं.

"घोवाक पयल्याचा ठावक आसा. दुसऱ्याचा सांगूक नाय."

"व्हय म्हाराजा." आता तिघांनी म्हटलं.

मी डबा धुऊन दारात उभी. हातातून पाणी गळतंय. साहेबांनी मान वर केली.

"मॅडम, हे तुम्ही एआयला लिहिलंत? तो काय तुमचा गुरव आहे?" मग हसू पुसून म्हणाले, "ऑफिसचं अकाउंट आहे हे. घरच्या रडगाण्यासाठी नाही. तुम्हा लोकांच्या हातात एक वस्तू द्यायची सोय नाही."

तुम्हा लोकांच्या. माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "सॉरी सर." पोट माझं, गेलेली मुलं माझी, आणि सॉरीही मीच म्हटलं. त्या एका शब्दाची मला अजून चीड येते.

ओरोसला एका खासगी संस्थेत मी कंत्राटावर होते. गावोगाव फिरायचं, बायकांच्या अंगणात, खळ्यात बसायचं, त्यांच्या आजारपणाचे फॉर्म भरायचे. ऑफिसात त्या एआयचं एकच अकाउंट होतं, पाच जणांत. मला वाटलं, माझ्या कॉम्प्युटरवर लिहिलं ते माझ्यापाशी राहतं. कोणी सांगितलंच नव्हतं की डावीकडे जी यादी दिसते ती पाचही जणांना दिसते. माझ्या गाऱ्हाण्याला मशीनने आपणहून नाव दिलं होतं, 'दुसऱ्या गर्भपाताबद्दल पतीला कसे सांगावे'. शुद्ध मराठीत. साहेबांना शोधावंही लागलं नाही.

कशाला लिहिलं, असं मी स्वतःला शंभरदा विचारलंय. नवरा बोटीवर. फोन आठवड्यातून एकदा, त्यातही अर्धा वेळ "ऐकू येतां?" यातच जातो. सासूला सांगितलं तर वाडीभर होणार. देवळात सांगायचं तर गुरवाने ते मोठ्याने बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. इथे जेवणाच्या सुट्टीत कोणीच नव्हतं. निदान मला तसं वाटलं. म्हणून देवाला सांगावं तसं त्याला सांगितलं. उत्तरही असं गोड आलं की मी रडले. तेच जास्त लागतं. इतकं गोड बोलणाऱ्याने एकदाही विचारलं नाही की बाई, हे आणखी कोण वाचतंय.

त्या संध्याकाळी मालवणच्या एसटीत बसले आणि कसालच्या पुढे माझ्या अंगावर काटा आला. स्वतःच्या अपमानाने नाही. मला ते तीन फॉर्म आठवले.

माझं अक्षर वाईट. साहेब सारखे बोलायचे. म्हणून तीन फॉर्मचे फोटो मी स्वतः त्या मशीनमध्ये घातले होते, मजकूर नीटनेटका करून दे म्हणून. नाव, गाव, फोन, सगळं तसंच ठेवून. एकीचा नवरा मारतो. एकीला तो आजार, जो ती बहिणीलाही सांगत नाही. तिसरी मसुऱ्याची काकी, तिचं तर माझ्यापेक्षा जड. माझं जसं वाचलं तसं त्यांचंही कोणी वाचलं असतं. आणि तिथे नेऊन ठेवणारी मी.

घरी पोचल्यावर पहिलं काम, नवऱ्याला फोन लावला. नशिबाने लागला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माका आदी सांगूचा होता गो." एवढंच. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळलं, हे बरं झालं.

सकाळी साहेबांनी उरलेले साठेक फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले. "स्कॅन करून टाका त्यात. रिपोर्ट तोच बनवेल. संध्याकाळपर्यंत हवाय."

"नाय टाकूचंय," मी म्हटलं.

त्या ऑफिसात मी पहिल्यांदाच मालवणीत बोलले. ठरवलं नव्हतं. आलं.

"काय?"

"नावं, गावं, फोन काढून मी हाताने तक्ता करते. चार दिवस लागतील. फॉर्म त्यात जाणार नाहीत."

"तुमचा करार महिनाअखेर संपतो, लक्षात आहे ना?"

"माका म्हायत आसा."

कुणकेश्वरवाला खाली बघून कागद चाळत होता.

ते तीन फॉर्म आणि माझं गाऱ्हाणं मी यादीतून पुसलं. पडद्यावरून गेलं. तिकडे खरंच गेलं का, कुठे साठून राहिलं का, हे मला ठाऊक नाही, आणि साहेबांना विचारलं तर तेही हसले. मी तिन्ही घरी गेले. मसुऱ्याच्या काकीला सांगितलं, "काकी, तुमचां मी मशिनीत घातलंय. नावासकट. चुकी माझी."

ती मला शिव्या घालील, असं वाटलं होतं. नाही घातल्या. म्हणाली, "मी तुका सांगितलंय गो. मशिनीक सांगूक नाय."

हाताने केलेला तक्ता दिला, तरी करार वाढला नाही. आईसोबत बाजारात बसते, दुसरं काम शोधते. ते मशीन मी आजही वापरते, अर्जाचा मसुदा करायला, इंग्रजी पत्र समजून घ्यायला. त्याने लिहिलेलं दोनदा तपासते. कोणाचं नाव त्यात घालत नाही, कोणाचं दुखणं घालत नाही, माझंही नाही.

पुढच्या नोकरीत पहिल्याच दिवशी विचारणार आहे. अकाउंट कोणाचं? वाचतं कोण? पुसलं तर पुसतं का? नीट उत्तर मिळेपर्यंत बायकांचे फॉर्म माझ्या पिशवीत राहतील, आणि पिशवी माझ्या मांडीवर.