परत येण्याची बॅग

बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात दर जानेवारीत चिमुकल्या वस्तूंची जत्रा भरते. जे हवं असेल त्याची बोटभर प्रतिकृती घ्यायची आणि भर दुपारी धुपावर धरायची. वर्षभरात खरी वस्तू मिळते, अशी तिथली श्रद्धा. घरं, मोटारी, अगदी सिमेंटच्या गोण्यासुद्धा. आम्ही प्रवासी भातुकली घ्यावी तशा हौसेनं घेत होतो.

हिने मात्र काहीच घेतलं नाही. मागण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे सुखच, असं मला उगाच वाटत आलंय.

एका दुकानात पासपोर्ट आणि तिकीट खोचलेल्या इवल्याशा बॅगा होत्या. परदेशी जायचं असलेले त्या घेतात, असं गाइड म्हणाला. हिने एक उचलली.

"परत येण्याची मिळते का, विचारा ना त्यांना. आमचा मुलगा कॅनडात असतो."

त्यानं स्पॅनिशमध्ये विचारलं. दुकानातली बाई निखारे फुंकायची थांबली. तिचं उत्तर त्यानं हळूच सांगितलं, "त्यांची मुलगी स्पेनमध्ये आहे. म्हणतात, तशी बॅग असती तर मी ती विकली असती का?"

हिने हातातली बॅग जागेवर ठेवली. बारा वाजले. सगळ्यांनी आपापल्या वस्तू धुरावर धरल्या. त्या दोघींचे हात तेवढे रिकामे होते.