तेराव्याचं ताट

"मॅडम, ती कादंबरी छापलीत तर मी कोर्टात जाईन. त्याआधी तुमच्या ऑफिसात येईन." फोनवरचा माणूस ओरडत नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

नाव विचारलं. मंगेश परब, डिलाईल रोड. मी कपाळावर हात मारला. कादंबरीतला धाकटा भाऊ तो हाच.

मी दादरच्या एका छोट्या प्रकाशनात संपादक होते. निम्मी नोकरी प्रेमकथा तपासण्यात गेली. इतके गोड शेवट वाचून मला मधुमेह कसा झाला नाही, हेच नवल. पण ही कादंबरी वेगळी होती. लेखिका रेवा, फिजिओथेरपिस्ट, ट्रान्स बाई. गुडघा दुखावलेला एक कबड्डीपटू तिच्याकडे उपचाराला आला आणि गुडघा बरा झाल्यावरही येतच राहिला. तो संदीप, मंगेशचा थोरला भाऊ. दोघांनी चार वर्षं संसार केला. मग तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत संदीप गेला. घरच्यांनी रेवाला त्याचं तोंडही बघू दिलं नाही. पुस्तकात नावं बदललेली होती, पण गोष्ट खरी होती.

चूक माझी होती. पुस्तक निघायच्या आधी आम्ही एक पत्रक काढतो. त्यात पुस्तकातला एखादा उतारा देतो, म्हणजे वाचक आगाऊ नोंदणी करतात. मी उतारा निवडला तेराव्याच्या दिवसाचा. रेवा चाळीच्या जिन्याखाली उभी आहे, वर पंगत बसली आहे आणि तिला कुणी वर बोलावत नाही. तपासताना माझेच डोळे भरून आले होते, म्हणून तोच घेतला. ही पत्रकं आम्ही सगळ्या वाचनालयांना पाठवतो. गिरणगावातल्या काही चाळींत अजून मंडळांची वाचनालयं आहेत. परबांच्या चाळीतही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथल्या ग्रंथपालांनी इमानेइतबारे पत्रक फलकावर लावलं. जिना, तळमजल्यावरची पिठाची गिरणी, कबड्डीचं मंडळ, सगळं जसंच्या तसं. नावं बदलून काय उपयोग? संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला कळलं.

आमचे प्रकाशक, म्हणजे सर, कमी बोलायचे. "सुलभाताई, संदीपच्या आईची लेखी संमती आणा. नाहीतर पुस्तक थांबवा."

रेवाला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्या घरात माझं नाव कुणी घेत नाही. पुस्तकात तरी आम्ही नवरा-बायको आहोत. तेवढं तरी जाऊ देऊ नका." मला स्वतःचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी प्रूफं घेऊन डिलाईल रोडला गेले. प्रूफं म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली पानं. मंगेश कामावर होता. त्याची आई एकटीच खाटेवर बसलेली, पंचाहत्तरीची, डोळ्यांवर काळा चष्मा.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माका वाचूक जमणा नाय," त्या म्हणाल्या. "तू वाच. पहिल्यापासून वाच."

मला वाटलं होतं, हाकलून देतील. मी वाचायला बसले.

पहिल्या चुंबनाचा प्रसंग आला तशी मी हळूच दोन पानं उलटली.

"पानं गाळू नको गो. दोन मुलगे काय मला आभाळातून पडले?"

मी गाळलेली पानं वाचली. माझे कान गरम झाले, त्यांचे नाही.

असे तीन दिवस गेले. मी त्यांना काकू म्हणू लागले. संदीप रोज सकाळी रेवासाठी चहा करायचा, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत औषध घालावं लागलं. "घरात कधी पाण्याचा पेला उचलला नाय मेल्यान!" मग त्याच दमात रडल्या. त्यांच्या मुलाची चार वर्षं त्यांना ठाऊकच नव्हती. ती आता माझ्या तोंडून कळत होती.

तिसरा दिवस रविवार होता. मंगेश घरात होता, पाठ करून टीव्हीसमोर बसलेला. आवाज बंद होता. तेराव्याचं प्रकरण आलं. 'ती दोन वाजेपर्यंत उभी राहिली. वरून कुणी आलं नाही.'

"थांब," काकू म्हणाल्या. "हे खोटं आहे. मी ताट धाडलेलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार. तेराव्याला आलेलं माणूस उपाशी परत नाय धाडायचं. मंगेश म्हणाला, ती न जेवताच निघून गेली." त्यांनी मान वळवली. "मंगेश, दिलंस ना रे ताट?"

मंगेश टीव्हीकडेच बघत राहिला.

"मंगेश!"

"सगळी चाळ बघत होती, आये. मला लाज वाटली. जिन्यात ठेवून वर आलो."

तीन वर्षं काकू समजत होत्या की रेवाने त्यांचं अन्न नाकारलं. आणि रेवा समजत होती की संदीपच्या आईने तिला दारात उभं केलं नाही. मग काकू मला म्हणाल्या, "तिथे लिही, आईने ताट पाठवलेलं."

"काकू, पुस्तक तिचं आहे. मला नाही लिहिता येणार."

बाहेर येऊन रेवाला फोन केला. सगळं सांगितलं. तिकडून अगदी बारीक आवाजात, "ताई, खरंच ताट होतं?"

"होतं."

ती मोकळी होऊन रडली. पण प्रकरण बदलायला तयार झाली नाही. "त्या दिवशी मला ते मिळालं नव्हतं. मी खोटं कसं लिहू?" मनातून मला तिचं पटलं.

काकूंना सांगितलं, त्यांनाही पटलं. "बरोबर आहे तिचं. मग तिला म्हणावं, ये आणि जेव." त्यांनी आमंत्रणाला मलाही पाठवलं नाही आणि फोनही करू दिला नाही. मंगेशला पाठवलं. तो रेवाच्या क्लिनिकमध्ये पेशंटांच्या रांगेत पाऊण तास बसला. नंबर आल्यावर म्हणाला, "गुडघा ठीक आहे. वहिनी, घरी चला."

पितृपक्षात संदीपच्या तिथीला रेवा तो जिना चढली. चाळ तेव्हाही बघत होती. मंगेश तिच्या पुढे चालत होता. काकूंनी तिला पाटावर बसवलं आणि स्वतः वाढलं.

जेवणं झाल्यावर मी संमतीपत्र काढलं. आमच्या ऑफिसचा ठरलेला छापील कागद होता. काकूंचे डोळे अजून अधू, म्हणून मंगेश भरत होता. नाव, पत्ता, वय. मग रकाना आला, 'लेखकाशी नाते'. तो थांबला.

"ती तुझी कोण, असं विचारलंय, आये."

"सून," काकू भांडी आवरता आवरता म्हणाल्या.

मंगेशने पेन टेकवलं, परत उचललं. "थोरली लिहू ना?"

पुस्तक छापलं गेलं, तेराव्याचं प्रकरण होतं तसंच ठेवून. सरांनी कागद फाईलला लावला आणि मला एवढंच म्हणाले की यापुढे संमती आधी, पत्रक नंतर. तेव्हापासून मी तसंच केलं.