अर्थिंगचं अर्घ्य

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सूतगिरणीतली कारकुनी सोडली आणि कोल्हापुरातल्या घरी एक जुना कॉम्प्युटर आणून बसवला. इचलकरंजीच्या लूमवाल्यांच्या कामगारांच्या पगाराचे हिशेब त्यावर करून द्यायचे, हा माझा नवा धंदा. आईला तो मुळीच पटला नव्हता. कॉम्प्युटरला ती डबडं म्हणायची. डबडं जळलं तर चूलही विझणार, हे मात्र आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आमच्या गल्लीत लाईट जायची न सांगता आणि यायची दणका देऊन. बॅटरी घ्यावी की स्टॅबिलायझर, यात मी किती दिवस घोळ घातला! शेवटी एका दुकानदारानं झापलं. ‘‘लाईट गेलेली परवडती, आलेली न्हाय. जाताना नुसतं काम जातंय, येताना मशीनच घेऊन जाती. दोन्ही एकात असलेलं घ्या की!’’

घेतलं. दुकानदार ते जोडायला घरी आला आणि भिंतीतला प्लग बघून त्यानं कपाळाला हात लावला. अर्थिंगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, मागं वायरच नव्हती. मग परसात खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घातलं. जाताना तो आईला बजावून गेला, ‘‘मावशी, अर्थिंगला रोज पाणी घालायचं. माती वाळली की सगळं फुकट.’’

आईनं ऐकलं ‘अर्घ्य’. दुसऱ्या दिवसापासून ती आंघोळ झाली की तांब्या घेऊन त्या खड्ड्यापाशी उभी. डोळे मिटून पुटपुटत पाणी सोडायची.

‘‘आई, अर्घ्य न्हाय ते, अर्थिंग!’’

‘‘असू दे की. पाणी मातीतच जायाचं न्हवं?’’

मी हसायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. उन्हाळ्यात नळाचे हाल सुरू झाले तेव्हा, आता चार दिवस पाणी नको घालू, असंही म्हणालो. तिनं ऐकलं नाही. भाजी धुतलेलं पाणी साठवून घालत राहिली.

मे महिन्यात वळिवाचा पहिला थेंब पडायच्या आधीच मागच्या नारळावर वीज पडली. शेजारच्यांचा टीव्ही गेला. मी डबडं सुरू केलं. पडदा उजळला आणि मी दुकानदाराला बोलावलं. त्यानं येऊन तपासलं. अर्थिंगनं वाचवलं म्हणाला, माती मस्त ओली होती म्हणून दणका जमिनीत उतरला.

तो गेल्यावर मी आईला विचारलं, ‘‘पाणी घालताना काय पुटपुटत होतीस गं?’’

‘‘तुझी नोकरी परत मिळू दे म्हणून मागत होते,’’ ती बिनदिक्कत म्हणाली.

मला हसूही आलं आणि रडूही. जे जावं म्हणून ती रोज पाणी सोडत होती, तेच त्या पाण्यानं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन निघाली. मी म्हटलं, ‘‘आज काय मागणार?’’

‘‘काय न्हाय,’’ आई म्हणाली. ‘‘आज नुसतं पाणी घालणार हाय.’’