कोपऱ्यातला कॉम्प्युटर आणि माझी टिक

गेल्या रविवारी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा होती. बुलढाण्यात उन्हं तापायला लागली होती, पण लॅबमध्ये एसी, तीस नवेकोरे कॉम्प्युटर, सगळं कसं चकाचक. लॅब माझ्या ताब्यात असते, त्यामुळे सकाळपासून मी जरा ताठ मानेनंच फिरत होते...

परीक्षा नर्सिंगच्या प्रवेशाची. दीड तास, शंभर प्रश्न. अकराव्या नंबरवर देऊळघाटची शाहीन बसली होती, तिशी ओलांडलेली, बाकीच्या मुलींपेक्षा चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. गेटवर कागद तपासताना तिनं आपणहून सांगितलं होतं की वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची परीक्षा. नवरा लेकीला घेऊन बाहेर झाडाखाली थांबला होता.

अडतीस मिनिटं उरली असताना तिचा स्क्रीन काळा झाला.

ती ओरडली नाही, नुसता हात वर केला. मी बटण दाबलं, वायर हलवली, पुन्हा बटण दाबलं... काहीच नाही. परीक्षा घेणाऱ्यांच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आधीची उत्तरं सर्व्हरवर सुरक्षित आहेत, उमेदवाराला राखीव मशिनवर बसवा. पण घड्याळही सर्व्हरवरच चालतं, ते थांबणार नाही.

राखीव मशिन दोन होती. त्यातलं नवं सकाळीच दुसऱ्या एका मुलीला दिलं होतं. उरला तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर, मोठ्या डब्याचा, पिवळा पडलेला. तो भंगारात काढा म्हणून मीच दोनदा अर्ज केलेला.

आणि इथे मला माझी टिक आठवली. आदल्या दिवशीच्या तपासणीच्या यादीत 'राखीव क्रमांक दोन : चालू' या रकान्यात मी टिक केली होती, तो कॉम्प्युटर सुरू न करताच. कोण बसणार आहे त्याच्यावर, असं म्हणून...

सुरू झाला बिचारा, पण घरघर करत, आपल्या सवडीनं. लॉगिन होईपर्यंत नऊ मिनिटं गेली. शाहीन खुर्चीच्या टोकावर बसून स्क्रीनकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. एकोणतीस मिनिटं, एकेचाळीस प्रश्न बाकी.

आता माउसचं बटण दबेना. बाण फिरत होता, पण क्लिक होईना. उलटा-सुलटा करून पाहिला, तर फटीत लाल काहीतरी वाळून घट्ट झालेलं. कुंकू.

दसऱ्याला नव्या कॉम्प्युटरना हळदीकुंकू लावायचं नाही, अशी ताकीद मीच आमच्या शिपायांना, गजाननभाऊंना दिली होती. मग पूजा करायची कोणाची? त्यांनी तीस कॉम्प्युटरच्या वाट्याची भक्ती या एकट्यावर केली होती. माउसवर चांगलं ओलं कुंकू, वर अक्षता.

अकरा नंबरचा माउस काढून आणला, तर या जुन्याला गोल पिन लागते आणि नव्याची चपटी. चपटी पिन बसणारी खाच कधीचीच बंद पडलेली. गजाननभाऊ दारात उभे, चेहरा पडलेला. मले काय माहीत मॅडम, ह्याच्यावर पेपर द्यावा लागन म्हून, असं हळूच म्हणाले. मलाही कुठे माहीत होतं...

मी टाचणी घेऊन कुंकू खरवडत होते, पण बटण हलेना. सव्वीस मिनिटं. तेवढ्यात शाहीननं माझ्या हातातला माउस घेऊन बाजूला ठेवला.

"राहू द्या मॅडम. मले कीबोर्डवर येते. आमच्या गावच्या क्लासात माउस एकच होता, बाकीचे आम्ही असंच शिकलो."

टॅब, खालचा बाण, स्पेस, पुन्हा टॅब. मी इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवते, पण असं सरसर कोणाला करताना पाहिलं नव्हतं. एकदा वीज लुकलुकली तेव्हा मी वर दिव्यांकडे पाहिलं... तिनं मान वर केली नाही. एक मिनिट शिल्लक असताना शेवटचं उत्तर गेलं.

तीस नवे कॉम्प्युटर आले तेव्हा मुलांना मी सांगितलं होतं की आता कीबोर्डचे शॉर्टकट पाठ करत बसायची गरज नाही. आपण किती सहज सगळं त्या चकचकीत मशिनांवर सोपवतो, आणि मग एखाद्या बाईचं अख्खं आयुष्य एका बटणावर येऊन थांबतं.

बाहेर येताना प्राचार्य भेटले. त्यांच्यासमोर शाहीननं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मॅडम होत्या म्हणून पेपर झाला माझा." लेक तिला बिलगली होती, नवरा हसत होता. प्राचार्यांनी माझं कौतुक केलं... आणि मी मान डोलावली. हो, खरंच डोलावली.

सोमवारी यादीतल्या त्या खोट्या टिकबद्दल त्यांना लेखी कळवलं. जे काय व्हायचं ते होईल. त्या दिवसापासून झोप मात्र नीट नाही.

निकाल अजून लागायचा आहे. पण शाहीनताई, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर एवढं वाचा... त्या दिवशी तुम्हाला मी वाचवलं नाही, मी अडकवलं होतं. तुम्ही मानलेले आभार मी गपचूप घेतले. ते माझे नव्हते. आज सगळ्यांसमोर तुमचे तुम्हाला परत करतेय.