पाळीपर्यंतची तार

जगातली निम्मी दुःखं तारा चुकीच्या वाटेने नेल्यामुळे होतात, असं ठामपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी खनिज वाहायचा ट्रक विकला आणि डिचोलीत घरोघर इंटरनेट पुरवायला सुरुवात केली. तेव्हापासून लग्न असो की बारावं, पंगतीत शेजाऱ्याचा भात निवेपर्यंत ते सांगत राहायचे, "आमच्या देवळातली आरती शेजारच्या पाळी गावात दिसूक होयी, तर ती आधी मुंबईक जाता आणि मगे परत येता. पाळी खंय, मुंबई खंय!" एकदा तर सांत्वनाला गेलेल्या घरी, रडणाऱ्या माणसांच्या मधून वाट काढत त्यांनी आधी खिडकीतली लोंबणारी वायर नीट केली आणि मग डोळे पुसले.

पाळीत इंटरनेट पुरवायचे त्यांचे भावजी, थोरल्या सख्ख्या बहिणीचे यजमान. दोघांची जाळी एका तारेने जोडली की मुंबईची फेरी वाचणार होती. पण वेशीवरची गिऱ्हाइकं कोणाची यावरून दोघांत अबोला होता.

मग बहीण, मामांची 'बाय', अंथरुणाला खिळली. माहेरच्या देवळातली सोमवारची पालखी मामा इंटरनेटवर दाखवायचे, ती तिला बघायची असायची. पण संध्याकाळी मुंबईची वाट तुंबायची आणि चित्र अडकायचं. "पालखी भायर येवकच नाय रे," ती फोनवर मामांना म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मामा स्कूटरवर तारेचं भेंडोळं घालून पाळीला गेले. भावजींनी दारातच विचारलं, "माझी गिऱ्हायकां नेवक इलंस?"

"नाय. बायक पालखी दाखवूक इलंय. तुमी माका पैसे देव नकात, मी तुमका देवचंय नाय. फकत जोडूया."

दोघं खांबांवर चढले. पुढच्या सोमवारी पालखी न अडकता देवळाबाहेर आली, तेव्हा बहिणीने फोनलाच हात जोडले.

पावसाळा सरायच्या आत ती गेली. बारावं झाल्यावर एकदा मी मामांच्या दुकानात असताना भावजींचा फोन आला; त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ती तार काढू काय?"

"नको," मामा म्हणाले. "पाळीत आणखी माणसां आसत."

"बरा तर. सोमवारी पालखीच्या वायच आधीपासून लाव, सांज सरणा नाय. आता मी एकटोच बघतंय."

"होय, भावजी," मामा म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला, तरी तो कितीतरी वेळ त्यांच्या कानालाच होता.