गावित बाईंचे रक्तपिपासू

खोडाळ्याच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी गावित बाई नववीच्या फळ्यावर एक प्रेत काढत होत्या. फुगलेलं पोट, लालबुंद गाल, अंगात शेतकऱ्याचा सदरा. तास इंग्रजीचा होता. मी दारात थबकले तशा म्हणाल्या, "या, या. हा परदेशातला रक्तपिपासू. याला सुळे अजून फुटायचेत."

बाईंना या विषयाचं वेडच होतं. मूळच्या त्या पोशेऱ्याच्या, भात-नागली पिकवणाऱ्या घरातल्या. रक्त पिणाऱ्या भुतांबद्दल मिळेल ते वाचायच्या, आणि मोबाईलवर त्यांचे सिनेमे बघताना शेंगदाणे खात खदखदून हसायच्या. "अहो, मूळचं हे गरिबाघरचं भूत," त्या मला सांगायच्या. "पुरलेला माणूस घरच्यांचंच रक्त प्यायला परत येतो, एवढीच गोष्ट. पुढं लेखकांनी त्याला सरदार केलं, किल्ला दिला. सिनेमावाल्यांनी काळा झगा दिला. आता तर तो कॉलेजात जातो, पोरींच्या प्रेमात पडतो. नशीब काढावं तर असं! आपला मुंजा बघा, अजून पिंपळावरच."

हसून झालं की मात्र गंभीर व्हायच्या. "भूत राहू दे. त्या घरात आजारी कोण होतं, ते आधी सांगा."

आणि खरंच, मुलांना त्या तेच सांगत. परदेशातल्या त्या थंड मुलखात एखाद्या घरात क्षय शिरायचा. एक गेला की दुसरा खोकायला लागायचा, ओठांवर रक्त यायचं. लोक म्हणायचे, आधी मेलेलाच येऊन पितोय. मग त्याला उकरायचे, काळीज जाळायचे आणि ती राख आजाऱ्याला पाण्यातून पाजायचे.

"मग तो बरा व्हायचा, बाई?" मुलं विचारत.

"राखेनं क्षय बरा होतो काय रे? तोही जायचा."

त्या वर्गातली मनीषा एकदा बरेच दिवस आली नाही. तिच्या पाड्यावरच्या मैत्रिणीनं सांगितलं, "बाई, तिला भुताळी लागलीय. आमच्या पाड्यावरची जानकीच भुताळी, ती तिचा रगत पिते. आज जानकीला गावातून काढणार हायेत."

बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि परवानगी घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "चला. दोघी असलेल्या बऱ्या." बाजारातली एक जीप भाड्यानं ठरवली आणि आम्ही निघालो.

पाड्यावर पोचलो तेव्हा जानकीच्या घरापुढे माणसं जमली होती. जानकी विधवा, एकटी राहणारी. ती उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. छपराची एका बाजूची कौलं कुणीतरी ओढून खाली टाकली होती. शेजारच्या ओटीवर मनीषा घोंगडीवर पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि हातापायाच्या सांध्यांवर कुणी बोट लावलं तरी किंचाळत होती.

"भगतानं तांदूळ पाहिलं, बाई," मनीषाचा बाप म्हणाला. "हिचाच नाव निघाला."

मला वाटलं, आता बाई ओरडतील. पण त्या जानकीला म्हणाल्या, "पाणी दे गं." तिनं आणलेला तांब्या सगळ्यांदेखत रिकामा केला आणि अंगणातच बसकण मारली. मग वर्गात सांगायच्या तीच गोष्ट सांगितली, घरातल्या खोकल्याची, उकरलेल्या प्रेताची, राखेच्या पाण्याची. माणसं ऐकत उभी राहिली, मग हळूहळू बसली.

म्हातारा भगत म्हणाला, "म ती माणसा येडी व्हती का?" इकडे लहानथोर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, बाईंनाही. "तू शिकलेली हायेस, तू सांग."

"वेडी नव्हती रे बाबा. भ्यालेली होती. पोटचं पोर डोळ्यांपुढं सुकताना कोण भीत नाही?" मग त्या मनीषाच्या बापाकडे वळल्या. "मी पोरीला जव्हारला दवाखान्यात नेते. तुम्ही नवराबायको दोघंही चला."

"आन् हिचा काय?" बापानं जानकीकडे बोट केलं.

"हीपण येईल. पिणारी जवळ असली तर पितापिताच पकडता येईल ना?"

बापानं मनीषाला घोंगडीसकट उचलून जीपमध्ये ठेवलं.

सगळ्या रस्त्यात मनीषाच्या आईनं मुलीचं तोंड पदराखाली झाकून धरलं, जानकीची नजर पडू नये म्हणून. घाटाच्या वळणावर पोरीला ओकारी झाली. जानकीनं आधाराला हात पुढे केला, तो आईनं झिडकारला.

जव्हारच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्त तपासून तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "हा सिकलसेल. आईबापाकडून मुलांत येतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर फुटतात. कुणी पीत-बीत नाही. हिला आता रक्त द्यावं लागेल. आईबापाचं चालणार नाही, दुसरं कुणी आहे?"

कुणी काही बोलायच्या आत जानकी उठली. "माझा घे. म्हंजे सुटेन तरी मी."

तिला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणच तिला परत घेऊन आली. "यांचं नाही घेता येणार. यांच्याच अंगात रक्त फार कमी आहे. यांनाच गोळ्या सुरू करायला हव्यात."

जानकी अपराध्यासारखी उभी. बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय गं जानकी, एवढं रक्त प्यालीस आणि तरी ही गत?"

पहिलं हसू फुटलं ते मनीषाच्या आईला. पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. मग बाप हसला. मग जानकीही हसली आणि हसता हसताच भिंतीला टेकून रडायला लागली. मनीषाच्या आईनं सरकून बाकावर तिला जागा दिली. रक्त जुळलं ते आमच्या जीपवाल्याचं.

संध्याकाळी मनीषाचं कण्हणं थांबलं आणि तिनं चक्क खायला मागितलं. मग आम्ही दोघी बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. "माझ्या आत्याला असंच काढलं होतं," बाई म्हणाल्या. "मी लहान होते. ज्या पोरासाठी काढलं, ते पोरही पुढं टिकलं नाही. आत्या कुठं गेली, ते आजपर्यंत कुणाला कळलं नाही." मग एक मोठा श्वास सोडून त्यांनी भजी मागवली. ती संपल्यावर पुन्हा मागवली. इतकं भुकेनं खाताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मनीषाचा आजार गेलेला नाही, तो जाणारा नव्हेच. पण ती गोळ्या घेते, अधूनमधून दुखणं काढते आणि जव्हारला कॉलेजात जाते. जानकीच्या छपराची कौलं पाड्यावरच्यांनीच परत चढवली. भगताकडं कुणी पोर घेऊन गेलं तर तो आता म्हणतो, "आधी रगत तपासून ये, म मी बघतो."

बाई निवृत्त झाल्या आणि नाशिकला लेकाकडे निघाल्या, त्या दिवशी स्टँडवर आम्ही सगळे जमलो होतो. जानकी नागलीचे पापड घेऊन आली होती. तिचा हात धरून बाई म्हणाल्या, "चल की माझ्याबरोबर चार दिवस. तेवढाच तुला बदल."

जानकीनं पापडाचं गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं.

"नको गं बाई," ती म्हणाली. "आता मला कोणी काढत नाय. म कशाला जाऊ?"

बाई हसल्या. एसटी सुटली तरी त्या खिडकीतून मागं बघत होत्या, आणि जानकी आपल्या पाड्याच्या वाटेला लागली होती.