खिशातला गूळ

गुळाची ढेप फोडताना अजून वडिलांचा खिसा आठवतो. आप्पा कामाला होते त्या उद्यमबागच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या साच्यांतल्या वाळूची धूळ छातीत बसू नये म्हणून, पाळी सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. आप्पा तो न खाता माझ्यासाठी खिशातून आणत. काळी वाळू चिकटलेला, दातांखाली कचकचणारा. एकदा आई चिडली, "धूळ उतराय देतात ते. तुमी खायचं, पोरीला कशाला?" आप्पा खोकला आवरत म्हणाले, "हिचं तोंड गोड झालं की उतरती गं माझी धूळ." मी खुशाल उरलेला खडाही तोंडात टाकला. पुढं आप्पांना चार पायऱ्या चढवेनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गुळानं छातीतली धूळ उतरत नसते. आप्पा गेले. आता घरात येतो तो गूळ स्वच्छ असतो. माझे दात मात्र अजून ती वाळू शोधतात.